हिरवी खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय? कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल. सांगते झालं.

आमच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, धनगरांची चार घरं आहेत. तिथल्या धोंडाबाई — नात्याच्या नाहीत, पण त्यांच्या शेळीच्या दुधावर मी वाढले, म्हणून मावशी. आमच्या कंपनीचं एक ॲप आहे. जनावर आजारी पडलं की बटण दाबायचं, निरोप डॉक्टरांना जातो, ते गाडी काढून येतात. मावशींच्या मोबाईलमध्ये ते मीच घालून दिलं. मिरवत, हो! आता खाली उतरायची गरज नाही, असंही वर म्हणाले.

ॲपच्या तक्रारी लोक बोलून नोंदवतात. एक भाषा-मॉडेल त्या कप्प्यांत लावतं: ॲपमधला दोष, वापरणाऱ्याची चूक, नवी मागणी. मी खाली नसरापूरच्या खोलीत बसून ते तपासायचे. कप्पा चुकला असेल तर बदलायचा, मला कुणी विचारणारं नव्हतं.

एके दिवशी यादीत मावशींचाच आवाज. "बटान दाबलं, हिरवी खूण आली, म्हून दोन दिस वाट बगत बसले. डागदर आलाच न्हाई. दोन शेळ्या गेल्या बाय."

मॉडेलनं लिहिलं होतं: ॲपमधला दोष, तातडीचा. अगदी बरोबर. वर रेंज नसते. निरोप मोबाईलमध्येच अडकला, तरी 'पोचला' म्हणून हिरवी खूण उमटली. आणि ती खूण दाखवणारा कोड — तो लिहिला कुणी होता?

मीच. डोंगरातली पोर मी, रेंज कुठं जाते हे मला ठाऊक नसावं? घाईत राहून गेलं. तेवढ्यावरून कुणी फासावर दिलं नसतं हो. पण नोकरीत कायम केल्याचं पत्र त्याच आठवड्यात निघणार होतं. मी कप्पा बदलला — वापरणाऱ्याची चूक.

खूण दुरुस्त करायची तर दोष कबूल करावा लागणार. म्हणून मी ती तशीच राहू दिली. मॉडेल मात्र माझ्या बदलांवरून शिकायचं. पुढं कुठल्याही वस्तीवरून तशी तक्रार आली की ते आपणहूनच म्हणायला लागलं, वापरणाऱ्याची चूक. बिचारं! सरळ चाललं होतं, मी त्याला खोटं शिकवलं. पत्र हातात पडल्यावर मी 'किरकोळ सुधारणा' म्हणून खूण दुरुस्त केली. ते कप्पे तसेच राहिले.

मग एका बाजाराला मावशी नसरापुरात भेटल्या. कंपनीचं उत्तर त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं: बटण नीट दाबावे. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पोरी, माजंच चुकलं बग. माज्या हातानं गेली शेरडं. नीट कसं दाबायचं, दाव की."

मी काय केलं असेल?

त्यांचं बोट हातात घेतलं आणि बटण कसं दाबायचं ते शिकवलं. दोनदा. त्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. त्यांनी तेव्हाही बरोबरच दाबलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.