केरातली नोटीस

आमच्या घरात केर टाकून देत नाहीत.

घर हुपरीचं, धंदा चांदीच्या पैंजणांचा. घासताना, कापताना उडालेली चांदी धुळीत मिसळते. म्हणून रोजचा केर पत्र्याच्या पिंपात साठवायचा आणि वर्षातून एकदा झारेकऱ्याला द्यायचा. तो धुऊन त्यातली चांदी काढतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी केर अंगणात लोटला, आणि सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की मला वाटलं त्यांना विंचू चावला! तेव्हापासून मी केसांचा गुंतासुद्धा पिंपातच टाकते.

माझ्या मुलीनं, वैशूनं, कोल्हापुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्या पैंजणांची वेबसाइट काढली. ह्यांनी (म्हणजे आमच्या मालकांनी) तिला बजावलं, "दिवाळीपातुर एक जरी मोठी ऑर्डर आली, तर तुझं खरं. न्हायतर ह्यो खेळ बंद, आणि पावणं बघायला बोलवायचं!"

घरी कॉम्प्युटर नव्हता. चौकातला कॅफेवाला आमचे मेल छापून ठेवायचा, आणि बाजारातून येताना मी ते घ्यायचे. घ्यायचे म्हणजे काय, पदर सावरून नुसता हात पुढं करायचा. (परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.)

एक दिवस लाल अक्षरांचा कागद आला. शेजारच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, आजच पैसे भरा, नाहीतर वेबसाइटचं नाव जाणार! हे सदरा घालून बँकेकडं निघालेच. पायात एक चप्पल स्वतःची, एक माझी! तेवढ्यात वैशू आडवी आली.

"आप्पा, थांबा की! आपली साइट ज्यांच्याकडं हाय, त्यांचं नाव दुसरंच. ही भामटी हाईत."

"मग एवढ्या लाल अक्षरात कशाला लिवलंय?"

"भामटी म्हणूनच! आई, इथनं पुढं पैसं मागणारा इंग्रजी कागद आला की सरळ केरात टाक."

मी चौथी शिकलेली बाई. इंग्रजी येत नाही, पण रकमेचा आकडा कळतो, आणि सांगितलेलं काम मी तंतोतंत करते. पुढच्या दोन महिन्यांत असे पाच कागद आले. पाचही केरात! वैशूला सांगितलंसुद्धा नाही. केराचं काय सांगायचं?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. मोठी ऑर्डर द्यायची आहे, परवा नमुने बघून ठरवणार, पण तुमची साइट उघडतच नाही! वैशूचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"आई, मुदत संपल्याचं कागद आलतं का?"

"आलतं की. पाच."

"कुठं हाईत?"

"केरात. तूच म्हणालतीस."

ती कॅफेत पळाली. कॅफेवाला म्हणाला, "मेलची पेटी भरती म्हणून छापलं की पुसून टाकतो. मला काय ठावं, तुमी कागद केरात घालताय!"

ती तशीच घरी परत आली. "झालं!" हे म्हणाले. "आता लावू का पावण्यांना फोन?"

वैशू डोळे पुसत पिंपाकडं बघत राहिली. "आप्पा, झारेकरी आलता का औंदा?"

"न्हाय अजून."

मग काय! पुढच्या सोप्यात चादर अंथरली आणि आठ महिन्यांचा केर तिच्यावर ओतला. ह्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि हुकूम सोडला, "श्वास बेतानं घ्या! चांदी उडंल!"

हे ऐकलं आणि मला शिंक आली. दाबली. ती दुप्पट होऊन आली! कशीबशी पदरात शिंकले.

"पदर झटकू नगंस!" हे ओरडले. "पिंपात झटक!"

अखेर पाचही कागद सापडले. एकावर लाल अक्षरं, एकावर पृथ्वीचं चित्र, एकावर सोनेरी शिक्का, आणि दोन अगदी साधे. बोलावून आणलेल्या मास्तरांनी चष्मा पुसून पाचही वाचले आणि निकाल दिला, "सगळेच खरे वाटतात."

मी हळूच देव्हाऱ्याखालून गेल्या वर्षीची पावती काढली. प्रत्येक कारखान्याची पैंजणावर आपली छाप असते, आणि खोटी छाप मी ढिगातनं ओळखून काढते. तसंच एकेक कागद पावतीला लावून बघितला. अक्षरं वाचता येत नव्हती, पण कंपनीच्या नावाचं वळण आणि आमचा ग्राहक नंबर त्या दोन साध्या कागदांवर जसाच्या तसा होता. चकाकणाऱ्या तिघांवर यातलं काहीच नव्हतं.

"हे दोन आपलं," मी म्हणाले. मास्तरांसमोर, मोठ्यानं! सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले, तशी मी पिंपामागं जाऊन बसले.

वैशूनं तरी कागदावरचा फोन नंबर लावला नाही, जुन्या पावतीवरचा लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, मुदत संपली असली तरी नाव तुमच्यासाठी राखून ठेवलंय. पैसे भरा, उद्या चालू होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी साइट उघडली आणि चार दिवसांनी हैदराबादची ऑर्डर आली. ह्यांनी स्वतःहून फोन उचलला आणि पाव्हण्यांना सांगून टाकलं, "सध्या येऊ नगासा. पोरीला येळ न्हाय."

तेव्हापासून दरवर्षी नोटीस आली की वैशू आधी माझ्याकडं आणते. मी पावतीशी नाव आणि नंबर ताडून बघते. जुळलं नाही तर केरात. माझी नजर आता फार तयार झाली आहे! मध्यंतरी एक इंग्रजी कागद आला. लाल अक्षरं, सोनेरी शिक्का, आणि आमचा ग्राहक नंबर कुठंच नाही. मी कुणाला न विचारता केरात टाकला.

ती माझ्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका होती. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. पत्रिका मात्र सुखरूप आहे. झारेकरी यायला अजून चार महिने आहेत.