फुलपात्रभर पाला

आयुष्यात मी एकदाच मरणाच्या दारात जाऊन आलो, आणि तो आजार माझा नव्हताच.

आजारी होतं आमचं कुटुंब. शिमग्याच्या सुमारास तिला हिवताप आला. ताप गेला, पण जाताना तिची भूकही बरोबर घेऊन गेला. पानावर बसायची, दोन शितं चिवडायची आणि उठायची. मनगटातल्या बांगड्या वर सारल्या तर थेट कोपरापाशी जाऊन थांबायच्या. कल्याणला तिच्या वडिलांच्या कानावर हे गेलं, तसा त्यांचा निरोप आला, "वैशाखी पौर्णिमा झाली की येतो आणि ठकूला घेऊन जातो. तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर दिवाळीपर्यंत माहेरीच राहील."

दिवाळीपर्यंत! तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? ठाण्याहून कल्याण ते केवढं लांब, आणि आता तर आगगाडीही आहे. म्हणा, म्हणा! तुमचं कुटुंब जात नव्हतं ना!

बरं, तिच्याशी दोन शब्द बोलून विचारपूस करावी, तर तीही सोय नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही असा तेव्हाचा रिवाज, आणि आमच्या आईला भिंतीपलीकडचंही ऐकू यायचं. "जेवलीस का गं?" एवढं विचारायचं झालं तरी मी ते ओसरीवरच्या मांजराकडे तोंड करून विचारत असे. (ते मांजर त्या वर्षी फार लठ्ठ झालं.)

वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आईचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम. तिने सुनेला काढे दिले, लेप लावले, दृष्ट काढली. मी एकदा भीतभीत म्हणालो, "आई, डॉक्टरला दाखवू या का?"

"बायकांची दुखणी बायका बघतील," आई म्हणाली. "तू कचेरी बघ. उगाच बायकोचा बैल होऊ नकोस."

बैल व्हायची माझी तयारी होती, पण आईच्या तोंडावर तसं म्हणायची नव्हती. तेव्हा मी कचेरीतून सुटल्यावर गुपचूप आंतोन डॉक्टरांकडे गेलो. हे जवळच्याच वाडीतले ख्रिस्ती गृहस्थ, हाताला गुण असलेले आणि जिभेला हाड नसलेले. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "बाटली भरून औषध देतो."

"बाटली नको हो! त्यात तुमच्या घरचं पाणी. आई ती बाटली विहिरीत फेकील आणि विहीर बाटली म्हणून मागून मलाही फेकील."

डॉक्टर पोट धरून हसले. "मग पाणी तुमचंच घ्या, पाटाही तुमचाच घ्या. माठ, घोळ, पुदिना, कोवळा कोवळा पाला धुऊन बारीक वाटा. त्यात पिकलेली करवंदं आणि जांभळं कुस्करा. गोड ताक, गूळ, मिठाची कणी घाला आणि रोज सकाळी फुलपात्रभर पाजा. पोरीच्या अंगात रक्त भरेल."

"कच्चा पाला?"

"गाय आजारी पडलेली बघितलीत कधी?"

बघितली होती, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. प्रश्न होता पाजायचं कसं. बायकोसाठी औषध आणलं म्हणावं तर बैल! आणि मग वाटेत तलावपाळीवर माझ्या डोक्यात अशी काही अक्कल चमकली, की मी जागच्या जागी थांबलो. आमच्याकडे नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच उष्ट्या पानात बायको जेवते. मी पानात जे टाकीन ते तिच्याच वाट्याला येणार. तेव्हा औषध माझं म्हणून करायचं, अर्धं प्यायचं, अर्धं ठेवायचं. उरलेलं उष्टं बिनबोभाट जायचं तिथे जाईल! कचेरीत मला लोक मंद म्हणत. त्या संध्याकाळी मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊरच्या डोंगरातून आलेल्या ठाकरणींकडून द्रोण भरून करवंदं-जांभळं घेतली, पाला धुतला आणि परसदारी पाट्यापुढे बसलो. वरवंटा आयुष्यात पहिल्यांदाच हाती धरलेला! एक जांभूळ उडून धोतरावर, दुसरं डोळ्यात. करवंदांचा चीक बोटांना असा लागला की वरवंटा सुटेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे काय आरंभलंयस, बाळ्या?"

"औषध. मला."

"तुला काय झालंय?"

"अशक्तपणा." (आदल्याच रात्री मी शेजारच्या मुंजीत पैज लावून जिलब्या खाल्ल्या होत्या आणि पैज जिंकलो होतो.)

आई मटकन खालीच बसली. मला एकदम वाईट वाटलं, पण आता मागे कसं फिरणार? ताक घालून ढवळलं, तर शेवाळात शाई सांडावी तसा रंग आला. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "आपली कपिला गायसुद्धा आधी हुंगून बघेल रे हे!" मी डोळे मिटून अर्धं फुलपात्र घशाखाली उतरवलं, उरलेलं खाली ठेवलं आणि म्हणालो, "झालं. आता नाही जात. राहू दे ते... असंच."

"राहू दे?" आई कडाडली. "औषध कुणी उष्टं ठेवतं का? औषध टाकलं की दुखणं उलटतं! पी मुकाट्याने!" आणि माझं नाक दाबून तिने शेवटचा थेंबसुद्धा आत सोडला. माजघराच्या दारातून आमचं कुटुंब पाहत होतं. त्या एवढ्याशा चेहऱ्यावर नुसते डोळे उरले होते, आणि त्या डोळ्यांत पाणी.

खरी शिक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. "सून घरात असताना मुलगा पाट्यावर बसतो, लोक माझ्या तोंडात शेण घालतील," असं म्हणून आईने वाटायचं काम तिलाच लावलं! जिच्या हातात चार दाण्यांचं बळ यावं म्हणून हा खटाटोप, तीच आता पहाटे उठून माझ्यासाठी पाला वाटू लागली. तिच्या बांगड्यांचा आवाज ओसरीवर ऐकू यायचा आणि माझा जीव तुटायचा. माझ्यासारखा शहाणा ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल!

पुढे पुढे तर कहरच झाला. सकाळी तो रस, संध्याकाळी त्याचे परिणाम. मी खरोखरच वाळू लागलो. मी वाळलो म्हणून आईने मात्रा वाढवली, आणि मात्रा वाढली म्हणून मी आणखी वाळलो. जांभळांनी जीभ कायमची काळीनिळी झाली. कचेरीत हेडकारकुनांनी ती पाहिली आणि चार हात मागे सरले.

"घरी जा हो," ते हळूच म्हणाले. "आणि काही इच्छा राहिली असेल तर..."

शेजारच्या बायका अंगारे घेऊन येऊ लागल्या. मला पाहून त्या आईच्या पाठीवरून हात फिरवत.

शेवटी मी धीर केला. विहिरीपाशी ती एकटी आहे असं पाहून गेलो आणि एका दमात सांगून टाकलं, "हे औषध तुझं आहे गं! मला काही झालेलं नाही. तू पी."

तिने इकडेतिकडे पाहिलं, पदराने डोळे टिपले आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "औषध कडू लागलं म्हणून असं बोलू नये. इकडून लवकर बरं व्हायचंय."

"अगं, पण खरंच..."

"माझी शपथ आहे!" कळशी उचलून ती गेलीसुद्धा. तिने मला प्रथमच दरडावलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की कळशी तिने स्वतः उचलली हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पौर्णिमा झाली आणि सासरे आले. मुलीला न्यायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जरब असते, हे मात्र रडतच आले! ठाण्यातली बातमी आगगाडीतून कल्याणला जाता जाता वाढली होती. त्यांच्या कानी पोचलं ते असं, की जावई दोन दिवसांचा सोबती आहे. आणि म्हणून त्यांनी स्टेशनावर चौकशी करून गावातला उत्तम डॉक्टर बरोबर आणला होता.

आंतोन डॉक्टर ओसरीवर चढले, मला पाहिलं आणि मी डोळ्यांनी केलेल्या साऱ्या खुणा वाया घालवून मोठ्याने म्हणाले, "हे हो कसले आजारी? औषध तर ह्यांनी बायकोसाठी नेलं होतं!"

ओसरीवरचं मांजरसुद्धा उठून गेलं.

"बायकोसाठी?" आई म्हणाली.

"हो."

"आणि पीत तू होतास?"

"तू पाजत होतीस, आई."

आई काही बोलणार तोच माजघराच्या दाराआडून खुदकन हसू आलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं. शिमग्यापासून आमच्या घरात ते हसू कुणी ऐकलं नव्हतं.

"ठकू, बाहेर ये बघू," सासरे म्हणाले.

ती दारात आली. सासरे बघतच राहिले, मग मीही नीट बघितलं. गालांवर रंग होता. बांगड्या मनगटाला धरून होत्या. रोज पहाटे तिला पाठमोरी बघून हळहळणाऱ्या माझ्यासारख्या बृहस्पतीला हे दिसलंच नव्हतं!

"जीभ दाखव पोरी," डॉक्टर म्हणाले.

जीभ जांभळी! माझ्यापेक्षाही जांभळी!

"तूही प्यायचीस?" आईने विचारलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "कसला पाला पोटात जातोय, बाधला तर, म्हणून वाटायला बसले त्या पहिल्या दिवशी आधी मी चाखून बघितला. मग रोजच. मात्रा वाढल्यावर थोडा जास्त चाखावा लागला. आणि... आजारी माणसाची उस्तवार करायची तर आपल्या अंगात बळ नको का? म्हणून जेवायलाही लागले."

सासऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "विहीणबाई, हिला न्यायचं कारण राहिलं नाही. पण जावईबापूंना हवं तर नेतो. त्यांची तब्येत मात्र खरंच उतरलीय."

सगळे हसले. मी जरा कमी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्यापुढे पुन्हा फुलपात्र ठेवलं. मी गयावया करत म्हणालो, "आता कशाला गं, आई?"

"अर्धंच पी."

"आणि उरलेलं?"

आई तुळशीकडे बघत म्हणाली, "उरलेलं उष्टं कुणाच्या वाट्याला जातं ते आता मी सांगायचं का? आणि काय रे, तिची काळजी वाटत होती तर मला नीट सांगायचंस. मी काय तिची वैरीण आहे?" एवढं बोलून ती गोठ्याकडे निघून गेली. मी तिच्या पाया पडायला उठलो होतो, पण तोंडात पाला होता.

आई आता नाही. रिवाजही पुष्कळ सैल झाले. वैशाख लागला, ठाकरणींच्या टोपल्या दारावर आल्या, की आजही आमच्या घरी पाटा मांडला जातो. फरक इतकाच, की अर्धं फुलपात्र आधी आमचं कुटुंब पितं आणि उरलेलं माझ्यापुढे सरकवतं. आळीतले लोक मला उघड उघड बायकोचा बैल म्हणतात. म्हणोत बिचारे! तिचा उरलेला पाला इतकी वर्षं मुकाट्याने खातोय, त्यांनी तरी दुसरं काय म्हणावं?