सहा म्हणजे सहा

हॅमिल्टनच्या मराठी मंडळात रमणकाकांना सगळे ओळखतात. दूध कंपनीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं नमुने तपासणारे, ऑटिझम असलेले, आणि थाप मारता न येणारे मंडळाचे एकमेव सभासद. पुतणी निवेदितानं कॉलेजसाठी त्यांच्यावरच चौदा मिनिटांची फिल्म केली. सोमवारपर्यंत प्रेक्षकांचे चाळीस लेखी अभिप्राय हवे होते, नाहीतर नापास. तिनं मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात टाकली: शनिवारी सहाला फिल्म, नंतर मिसळ.

"सहा म्हणजे किती?" काकांनी विचारलं. मंडळाचे सहा पावणेसातला वाजतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"सहा म्हणजे सहा, काका. प्रोजेक्टर तुमच्याकडे."

सहाला हॉलमध्ये तिघेच होते. काकांनी फिल्म लावली. निवेदिता आत रस्सा गरम करत होती. ती बाहेर येईपर्यंत फिल्म संपलेली.

पावणेसातला मंडळी आली. "काय रे रमण, थांबायचं ना जरा," अध्यक्ष म्हणाले.

"जाहिरातीत थांबायचं लिहिलेलं नाही. पुढचा खेळ सातला. मिसळ खेळानंतर."

सातला काकांनी दार लावलं. रश्श्याचा वास नाकात घेत सगळं मंडळ चिडीचूप बसलं. चौदा मिनिटं कुणाचा फोनही वाजला नाही.

अभिप्राय पन्नासच्या वर जमले. त्यातला एक काकांचा होता: "फिल्म बरी आहे. मी खिडकीशी बसलोय तिथे रडकं व्हायोलिन वाजतं. मी तेव्हा मजेत होतो. काढ."

निवेदितानं ते रविवारीच काढलं.