लिफ्टची हजेरी

घाटकोपरला आमच्या विद्यापीठाच्या कार्यालयात करार लिहायचं काम माझ्याकडे आहे. लिहायचं म्हणजे जुना करार उघडायचा आणि नावं बदलायची. तेवढ्यावर मी स्वतःला वकील समजतो. इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या बाईंचा करार मी असाच लिफ्टदुरुस्तीच्या करारावरून बनवला. साहेबांनी डोळे झाकून सही केली. बाईंनी मात्र वाचला.

"अहो, विद्यार्थी मध्येच बंद पडला तर मी चोवीस तासांत चालू करून द्यायचा?"

वाट लागली माझी. पण मी सुधारतोय कसला! यंदा लिफ्टचा करार बाईंच्या दुरुस्त केलेल्या करारावरून केला. परवा लिफ्ट बंद पडली. करारात दुरुस्तीचं नावच नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर लिफ्टला प्रमाणपत्र मिळणार नाही, एवढंच आहे. साहेब सध्या जिन्याने पाचव्या मजल्यावर येतात आणि माझ्याच टेबलाशी उभे राहून धापा टाकतात.