ओल्या फरशीचा वास
फिनेलचा वास आला की परभणीतल्या त्या क्लासची ओली फरशी आठवते. बी.एस्सी. झाल्यावर डॉक्टर व्हायचंच, म्हणून मी नीटच्या तयारीला झरीहून पहिल्यांदा तिथं गेले, तर बारावीची पोरं मला पाहून उठून उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅडम!" मी मागच्या बाकावर जाऊन बसले, तशी सगळी हसली. शेजारची पोरगी म्हणाली, "ताई, तुमी अजून शिकायलाव?" घरी वडिलांनी विचारलं, "कसा हाय क्लास?" "लय चांगला," मी म्हणाले. पुढं दोनदा परीक्षा दिली. नंबर लागला नाही. आता सेलूत नवऱ्याच्या मेडिकल दुकानात बसते. परवा नणंदेच्या मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. पेढे मीच सगळ्यांना वाटले, पण मला एकही खाववला नाही.