बक्कल बाहेरच्या बाजूला

काचो-सान निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आता त्या गावी जाऊन संत्र्यांची झाडं लावणार आहेत. बंदुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. काचो म्हणजे सेक्शनची प्रमुख. टोकियोतल्या आमच्या बँकेत सहा वर्षं त्या माझ्या साहेब होत्या. आता त्या कोणाच्याच साहेब नाहीत, पण मला दुसरं काही तोंडात बसत नाही, आणि मी काचो-सान म्हटलं की त्या अजून भुवया चढवतात.

निवृत्तीनंतर वर्षभराने आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि तेरा वर्षांची लेक, त्यांना भेटायला चिबाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात गेलो. आमच्या घरून, निशी-कसाईहून, दोन-अडीच तासांचा रस्ता. संत्र्यांची झाडं गुडघ्याएवढी होती. घराखालच्या भातशेतात मात्र कोणीतरी गाद्या टाकून लोळल्यासारखे मोठमोठे चट्टे पडले होते.

"रानडुकरं," काचो-सान म्हणाल्या. "जेवढं खातात त्याच्या चौपट लोळून नासवतात. मग त्या भाताला असा वास लागतो की कोंबड्यासुद्धा तोंड लावत नाहीत."

गावात राहिलेली माणसं सगळी सत्तरीच्या पुढची. त्यातल्या पाच जणांची एक शिकारी टोळी होती आणि दरवर्षी तिच्यातलं एकेक माणूस कमी होत होतं. म्हणून काचो-साननी साठीत बंदुकीचा परवाना काढला होता. पोलिसांनी येऊन शेजारपाजारी चौकशी केली, ही बाई भांडकुदळ तर नाही ना, नवऱ्याशी पटतं ना. "नवरा नाहीच म्हटल्यावर त्यांचं निम्मं काम झालं," त्या म्हणाल्या. मग चहा ओतता ओतता सहज पुढे म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. हाकारे कमी पडतात. बंदूक नको, परवाना नको, नुसतं ओरडत चालायचं."

"पण मी शाकाहारी आहे."

"चालेल. डुकरंही बहुतेक तशीच असतात."

माझा नवरा कोल्हापूरचा. रविवारी मटण नसेल तर त्याला आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. लग्नापासून आमच्या घरात दोन वेगळे कुकर आहेत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात एकदाचा कोणीतरी कर्तबगार निघाला.

तो ऑक्टोबर सतत पावसाचा होता. काचो-साननी फोनवर सांगितलं होतं की आहेत ते बूट चालतील, रेनकोट आहेच, पण गेटर मात्र आण. गेटर म्हणजे बुटाच्या तोंडापासून गुडघ्यापर्यंत पाय झाकणारं कापडी कवच. खाली तळव्याखालून बक्कलाचा पट्टा जातो, वर पोटरीपाशी आवळायचं. चिखल, पाणी, काटे, जळवा यांनी बुटात शिरू नये म्हणून ते घालायचं. मी शुक्रवारी ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या दुकानातून समोर दिसली ती जोडी उचलली. पातळ, चकचकीत आणि जांभळी. रंग मला आवडला होता.

सकाळी गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टोळीतले आजोबा भेटले. टोळीचे म्होरके, ऐंशीच्या घरातले, अंगाने काडीसारखे. त्यांच्या पायात रबरी तळव्याचे, अंगठा वेगळा असलेले कापडी बूट होते आणि नडगीला सुती पट्ट्या गुंडाळलेल्या. जुन्या काळचे जपानी मजूर बांधत तशा. त्यांनी माझ्या जांभळ्या पायांकडे पाहिलं, मग काचो-सानकडे पाहिलं, आणि माझ्या गळ्यात एक वॉकी-टॉकी अडकवली.

डोंगर उंच नव्हता, पण उभा होता. बुटक्या बांबूची झुडपं, ओली पानं, खाली पिवळा चिखल. आम्ही चार हाकारे पन्नासेक पावलांचं अंतर ठेवून ओरडत वर चढत होतो. दहा मिनिटांत माझ्या बुटात पाणी खुळखुळायला लागलं. मला काही कळेना, गेटर तर घट्ट होते. नंतर कळलं की मी रेन पँट गेटरच्या आत खोचली होती. पँटवरून ओघळणारं सगळं पाणी थेट गेटरच्या तोंडात आणि तिथून बुटात, नळी लावल्यासारखं चाललं होतं. शिवाय ते चकचकीत कापड पावलागणिक असं सळसळत होतं की वेफर्सचं पाकीट घेऊन चालल्यासारखं वाटावं.

आणि मग मी पडले. डावा पाय पुढे टाकायला गेले तर तो उजव्या पायाला धरून बसला. मी तोंडावर आपटले आणि ओल्या पानांवरून घसरत एका ओहोळात जाऊन पडले. पडताना वॉकी-टॉकीचं बटण दाबलं गेलं होतं.

"आई गं!"

ते अख्ख्या डोंगराने ऐकलं. क्षणभर नुसती खरखर. मग आजोबांचा आवाज आला, "ती काय म्हणाली?"

काचो-सानना माझ्याबरोबर सहा वर्षं काढून तेवढं मराठी येत होतं. "आईला हाक मारतेय."

"आई जवळ आहे का?"

"नाही. भारतात."

पुन्हा खरखर. "मग आपल्यालाच जावं लागेल," आजोबा म्हणाले.

मी ओहोळात बसून इतकी हसले की ते येईपर्यंत मला उठताच आलं नाही. आजोबांनी खाली वाकून माझ्या दोन्ही पायांमध्ये हात घातला आणि अडकलेली दोन बक्कलं सोडवली. मी डाव्या पायाचा गेटर उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात घातला होता. बक्कल नेहमी बाहेरच्या बाजूला हवं. आत आली की चालताना दोन्ही बक्कलं एकमेकांना धरतात. हे त्यांनी बोलून नाही, माझे पाय धरून, लहान मुलीला बूट घालतात तसं घालून दाखवलं. त्या दिवशी डुक्कर अर्थातच मिळालं नाही. जे होतं ते माझी हाक ऐकून शेजारच्या गावात गेलं असणार.

शेडमध्ये परतल्यावर मी गेटर उतरवले तेव्हा बांबूच्या खुंटांनी ते तीन ठिकाणी फाटले होते आणि पायमोज्यांवर आठ जळवा होत्या. काचो-साननी मिठाच्या पाण्याचा फवारा मारून त्या एकेक करून पाडल्या. आजोबा शेजारी बसून आपल्या सुती पट्ट्या उलगडत होते. त्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या असायच्या, त्यांना एकही जळू लागली नव्हती.

"पण तुमचे पाय तर ओले आहेत," मी म्हटलं.

"पावसात पाय ओले होणारच," ते म्हणाले. "ते अडकू नयेत आणि गारठू नयेत, एवढंच बघायचं."

मला वाटलं होतं नवरा हसेल. तो हसला, पण रात्रीचं जेवण होईपर्यंतच, आणि जेवण होताच लॅपटॉप उघडून बसला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाचं प्रेम असंच व्यक्त होतं. रविवारी सकाळी माझ्यापुढे गेटरच्या चौदा प्रकारांचा तक्ता होता, त्यात 'सळसळ' असा वेगळा रकाना होता आणि तो रिकामा होता. "हे प्रत्यक्ष ऐकूनच ठरवावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला.

म्हणून आम्ही डोंगरवाल्यांच्या मोठ्या दुकानात गेलो, बरोबर पिशवीत माझे बूट आणि रेन पँट. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बर्फात जाणार का?"

"डुकरांत," मी म्हटलं.

तिने डोळ्याची पापणीही न हलवता टेप काढली. बूट घालायला लावले, पँट घालायला लावली आणि मग पोटरीचं माप घेतलं. उघड्या पायाचं माप घेऊन उपयोग नाही, म्हणाली, डोंगरात उघड्या पायावर कोण घालणार आहे? चेन असलेला गेटर तिनेच बाजूला ठेवला. चिखल दातांत गेला की चेन वरही जात नाही आणि खालीही येत नाही. त्यापेक्षा पुढच्या बाजूने रुंद वेल्क्रो बरा, चिखलात बसल्या बसल्या उघडता येतो. तळव्याखालचा पट्टा जाड रबराचा हवा आणि झिजल्यावर बदलता येणारा, कारण दगडांवर सगळ्यात आधी तोच जातो. घोट्याजवळ जाड, चिवट कापड, वर पोटरीला मऊ. हे सगळं चाललेलं असताना माझा नवरा एकेक गेटर कानापाशी नेऊन, डोळे मिटून, बोटांत चोळत होता. दोन गिऱ्हाइकं लांबून बघत उभी राहिली. शेवटी त्याने एक काळपट हिरवी जोडी पुढे केली. "ही गप्प आहे."

तीच घेतली.

मग मी दर महिन्याला जाऊ लागले. टोळीला डुकरं मिळाली, दोनदा हरीणही मिळालं. पहिल्यांदा हरीण पडलेलं पाहिलं तेव्हा मी बाजूला जाऊन थोडी रडले. कोणी मला समजवायला आलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. खालच्या शेतातल्या आजी येऊन त्या हरणापुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग टोळीतल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करून गेल्या. त्यांची सगळी रताळी त्या वर्षी हरणांनी खाल्ली होती. मी मांस खात नाही म्हणून शेडमध्ये माझ्यासाठी मुळा आणि अळंब्यांचं वेगळं पातेलं लागायचं. माझ्या वाट्याचं मांस निशी-कसाईला जायचं, आणि नवऱ्याने केलेला त्याचा तांबडा रस्सा डब्यात भरून पुढच्या खेपेला परत डोंगरात. आजोबा तो घाम पुसत पुसत खायचे. लेक मात्र यातल्या कशाच्याच बाजूने नव्हती. मी टबमध्ये गेटर धुवून बाल्कनीत वाळत घातले की ती दार लावून घ्यायची. "मामा, कुसाइ!" म्हणजे, आई, वास येतो. मी मराठीत रागवायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि गेटर दोन्ही भाषांतून ठिबकत राहायचे.

जानेवारीच्या शेवटी एकदा पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होता. या वेळी पँट गेटरच्या वरून सोडली होती. पाऊस थांबला आणि झाडी दाट लागली की गेटर पँटवरून घ्यायचे, म्हणजे काट्यांनी पँट फाटत नाही, हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं. मी आणि काचो-सान घळीतून उतरत होतो तेवढ्यात वॉकी-टॉकीवर आजोबांचा आवाज आला. फार हळू.

"जरा घसरलोय. काही नाही झालं. बसून आहे."

काचो-सान थबकल्या. "ते कधीच बसत नाहीत," त्या म्हणाल्या.

ते पाण्याच्या पलीकडच्या काठावर होते. ओढा नडगीइतका चढला होता. काचो-साननी बंदुकीतून काडतुसं काढून खिशात टाकली आणि आम्ही मोठमोठी पावलं टाकत भराभर पलीकडे गेलो. आजोबा एका देवदाराला टेकून बसले होते. बूट काढून पाहिले तर घोटा सुजला होता, पण मला भीती वाटली ती पायाच्या बोटांची. त्या सुती पट्ट्या बर्फाच्या पाण्याने कडक झाल्या होत्या आणि बोटं पांढरीफटक पडली होती.

"लाज वाटते," ते म्हणाले.

"कशाची? माझ्यासारखं ओरडला तरी नाहीत," मी म्हटलं. मला वाटतं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळले, मग माझ्या पिशवीतले जादा लोकरी मोजे चढवले. पट्टी पिळून त्यांनी स्वतःच घोट्याला गुंडाळली, इतक्या सफाईने की दवाखान्यातल्या नर्सनेही पाहत राहावं. त्यावर अंगठ्यापाशी मोजा दाबून त्यांचे कापडी बूट कसेबसे चढवले, आणि त्यावर मी माझे गेटर काढून बांधले. थोडे सैल होत होते, पण वारा आत जात नव्हता. दोघींनी दोन बाजूंनी धरून आम्ही त्यांना पायवाटेवर आणलं.

तिथे डुक्कर उभं होतं. दहा-बारा पावलांवर. मादी, अंगावरून पाणी निथळत असलेली, ओल्या घोंगडीसारखी, आणि मागे चार पिल्लं. इतके महिने मी त्यांच्यासाठी ओरडत फिरले होते, पण जिवंत डुक्कर इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. काचो-सानची बंदूक रिकामी आणि एक हात आजोबांच्या कमरेला. कोणीच हललं नाही. मादीने नाक वर करून आमचा वास घेतला, फुस्स केलं आणि पिल्लांना घेऊन शांतपणे रस्ता ओलांडला. सगळ्यात मागचं पिल्लू चिखलात घसरलं, उठलं आणि धावत सुटलं.

"आज तिची सुट्टी," आजोबा म्हणाले. "आपलीही."

घोटा मोडला नव्हता, नुसता मुरगळला होता. पंधरा दिवसांनी काचो-सानकडून एक खोका आला. त्यात माझे गेटर होते, धुतलेले, घड्या घालून, इतके स्वच्छ की लेकीने आपणहून हुंगून पाहिले आणि मान डोलावली. बरोबर सात-आठ युझू, म्हणजे तिथली आंबट लिंबं, आणि एक चिठ्ठी. आजोबांनी पेन्सिलने पोटऱ्यांची मापं लिहिली होती, पँट घालून घेतलेली, डाव्या-उजव्या पायाची वेगवेगळी. खाली एक ओळ होती: 'चेन नको. आवाज नको. जांभळा तर नकोच.'

आम्ही त्याच दुकानात गेलो. नवऱ्याने पुन्हा डोळे मिटून कान लावला. त्या मुलीने मापं वाचून विचारलं की ही कोणाची, आणि मी ऐंशी वर्षांच्या माणसाची म्हटल्यावर ती स्वतः आत जाऊन सगळ्यात छोटी जोडी शोधून घेऊन आली.

हल्ली आजोबा आत त्यांच्या मिठात भिजवलेल्या सुती पट्ट्या बांधतात आणि वरून हिरवे गेटर चढवतात. दोन्ही कशाला, असं टोळीतल्या कोणी विचारलं तर ते म्हणतात, पट्ट्या बायकोच्या आईने शिवल्यात आणि गेटर या बाईच्या नवऱ्याने ऐकून निवडलेत, आता यातलं सोडायचं कोणतं?