आईने लिहिलेलं बीपी

लेक झाली आणि चौथ्या दिवशी माझं बीपी चढलं. डॉक्टर मॅडमनी गोळ्या देऊन घरी सोडताना बजावलं, सकाळ-संध्याकाळ मोजायचं, वहीत लिहायचं. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला की पुन्हा दाखल, आणि त्या वॉर्डात बाळाला ठेवता येणार नाही. माझा जीव तिथेच अडकला.

नवऱ्याने सीताबर्डीतून मशीन आणलं. कुहीहून आई आली, डिंकाचे लाडू घेऊन. आल्या आल्या तिने माझे कान बांधले आणि चष्मा काढून घेतला. बाळंतिणीने वाचलं की डोळे जातात म्हणे. चष्म्याशिवाय मला मशीन आणि घड्याळ यांत फरक कळत नाही, त्यामुळे बीपी आईच बघायची आणि आईच लिहायची. किती आलं विचारलं की एकच उत्तर, "बरं आहे." मी चिडायचे. चिडू नको, बीपी वाढते, असं वर तीच सुनवायची.

बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकीला आई सांगायची, पोरगी काही अंगानं भरलेली नाही. पोरगी तेव्हा भोपळ्यासारखी होती. त्या बायका बाळ बघून झालं की मशीनपुढे हात करायच्या. सगळ्या गल्लीचं बीपी मोजून झालं. आईला म्हटलं, तूही मोज. तर म्हणाली, मला काय धाड भरली!

आठवड्याने आईला घेऊन तपासणीला गेलो. मॅडमनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. रोज दीडशेच्या वर, आणि एक फोन नाही? दाखल व्हावं लागेल म्हणाल्या. मी लेकीला छातीशी धरलं आणि रडायलाच लागले. त्यांनी माझं बीपी मोजलं. एकशे चौतीस. पुन्हा मोजलं. तेवढंच. मग आम्ही दोघींनी आईकडे पाहिलं.

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "चांगलं बीपी असं उघडं लिहिते का कोणी? नजर लागते वं. म्हणून वीस जास्त लिहून राहिली होती मी."

 मॅडम तशाच उठल्या आणि पट्टा आईच्या दंडाला गुंडाळला. एकशे अठ्ठ्याहत्तर. यात वीस कोणी मिळवले नव्हते. तिचं बोलणं ऐकून आलेलं माझं हसू जागच्या जागी विरलं. माझं मीठ बंद करणारी ही बाई स्वतः लोणच्याशिवाय घास गिळत नव्हती, आणि दिवसभर माझ्यासाठी उभी होती. मला तिचा राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

आता वही माझ्याकडे आहे, चष्मा नाकावर. एका पानावर माझं बीपी, समोरच्या पानावर आईचं; तिलाही गोळ्या सुरू झाल्यात. सुरुवातीला तिने वीस वाढवायचा फार हट्ट धरला. शेवटी तोड निघाली ती अशी: आकडा खरा लिहायचा आणि शेजारी काजळाची तीट लावायची, लेकीच्या गालाला लावतो तशी. वही उघडली की मॅडमची बोटं काळी होतात.

परवा आईचा आकडा एकशे सव्वीस आला. तिने विचारलं, किती? मी म्हटलं, बरं आहे. आणि बोटावर काजळ घेऊन जरा मोठीच तीट लावली.